पहिले कागद, मंग चहा

बावीस एप्रिलची दुपार. कचेरीतली जेवणाची सुट्टी संपत आली होती, मी डबा धुऊन पिशवीत घालत होते. चोपड्याकडचा नात्यातला एक पुतण्या मोटारसायकल कडुनिंबाखाली लावून थेट माझ्या टेबलापाशी आला. खिशातून चार घड्या घातलेला चेक काढला, त्याच्यासोबत बँकेचा परतीचा मेमो.

"काकू, मन्हा पैसा बुडना का?"

केळीची एक गाडी. १२० क्विंटल, भाव १,४००, एकूण १ लाख ६८ हजार. चेकवर तारीख ४ मार्च. बँकेत टाकला, न वटता परत आला, मेमो हातात पडला १२ मार्चला. मी बोटांवर मोजलं. एक्केचाळीस दिवस.

"इतके दिवस काय करत होतास?"

"शेठ म्हणे आज देतो, उद्या देतो. शेठ चांगला माणूस शे."

असेलही चांगला. पण चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली नाही, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८, म्हणजे न वटलेल्या चेकसाठी कोर्टात जायचं दार, त्या मेमोपुरतं हातातून गेलं. त्याला पाणी दिलं, मग बोलले. बोलले म्हणजे जे बोलायचं ते सगळं बोलले. त्याच रात्री ठरवलं की टेबलावर रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं.

मी वकील नाही. अमळनेरच्या तहसील कचेरीबाहेर तेवीस वर्षं दस्त आणि अर्ज लिहिते. माझ्या आधी याच जागी सासरे बसायचे. कोणी व्यवहार ठरवून हसत हसत हॉटेलात निघाला की ते हाक मारायचे, "पहिले कागद कर, मंग चहा पे." माहेर रावेर तालुक्यातलं, वडिलांची केळी. त्यामुळे केळी कशी बुडते तेही पाहिलंय आणि कागद कसा बुडतो तेही.

पुण्यात अर्थशास्त्र शिकणारी भाची दिवाळीत सांगत होती की २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना मिळालं. काही देश श्रीमंत आणि काही गरीब का राहिले, याचं उत्तर त्यांनी तिथल्या संस्था कशा घडल्या यात शोधलं. त्यांच्या आधी, १९९३ मध्ये, डग्लस नॉर्थ यांनाही मिळालं होतं. त्यांच्या मते संस्था म्हणजे खेळाचे नियम. मी म्हटलं, बाई, साक्रीकडच्या माणसाला हे नोबेल देऊन सांगायला नको. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घ्यायची रीत, शेकडो वर्षं चालली ती कशावर? बंधारा सगळ्यांचा. भिजणारं थळ ठरलेलं, एका फडात एकच पीक. पाणी सोडणार पाटकरी, राखण करणार जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. रात्री उठून कोणी पाटाचं पाणी आपल्या शेतात वळवायचं नाही. पाळीचं पाणी आपल्यापर्यंत येणारच ही खात्री होती, म्हणून माणूस वर्षभर पाणी मागणारा ऊस लावायला धजत होता.

फक्त फडात सगळे एकमेकांना ओळखत होते. आपली केळी दिल्लीला जाते, कापूस कुठल्या गिरणीत जातो ते आपल्याला माहीतही नसतं. अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा तर ओळखीच्या जागी कागद लागतो, आणि कागदामागे उभं राहणारं एखादं ऑफिस लागतं. ते ऑफिस धड चालत नाही ही तक्रार मीही रोज करते. पण निम्म्या वेळा आपण कागदच दिलेला नसतो.

घरातली फाईल

एक प्लॅस्टिकची फाईल घ्या. पहिल्या कप्प्यात सातबारा आणि आठ-अ (आपल्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), दोन्ही डिजिटल सहीचे. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबाऱ्याला पंधरा रुपये लागतात. काढून नुसते ठेवू नका, वाचा. लोक क्षेत्र पाहतात आणि पान मिटतात. मी आधी 'इतर अधिकार' वाचते. तिथे आजोबांच्या काळच्या सोसायटीचा बोजा अजून बसलेला सापडतो. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. आमच्या तोंडी आप्पाच आहेत.) बोजा कमी झाल्याचा फेरफार, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद, मंजूर झाला की नवा उतारा काढून जुन्याच्या वर ठेवायचा.

पीक पाहणीची नोंदही तिथेच बघा. २०२१ पासून ती आपल्याच मोबाईलवरून करायची आहे. शेतात केळी आणि उताऱ्यावर पड, असं असलं की विम्याच्या वेळी तुमचं म्हणणं कोण ऐकणार?

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. जमीन महसूल संहितेचं १५७ वं कलम एवढंच म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. दुय्यम निबंधकाकडची नोंदणीसुद्धा दस्ताची असते. विकणारा खरा मालक होता याची हमी ते ऑफिस देत नाही. म्हणून जमीन घेताना मागच्या तीस वर्षांचे फेरफार एकेक करून वाचायचे. चारशे-पाचशे रुपयांची नक्कल आणि एक दिवस वाया जातो. तो वाचवायला गेलेले दोघे माझ्या डोळ्यांसमोर आजही कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

नंदुरबारकडच्या, अक्कलकुवा-धडगावच्या लोकांचं वेगळं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसांना जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कोणी "पट्टा घेतो, पैसे घ्या" म्हणत आला तर त्याच्याशी बोलायचंच कारण नाही. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर संहितेच्या कलम ३६-अ खाली परवानगी लागते. त्यासाठी स्टॅम्पवरचा करारनामा चालतो असं सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो, नाहीतर फार हुशार.

वारस, आणि बहिणीचं नाव

माणूस गेला की दहावं-तेरावं वेळेवर होतं. वारसनोंद सात वर्षांनी होते, तीही कोणाला कर्ज हवं असतं तेव्हा. जमिनीत हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी असं कायदा सांगतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, वय, नातं, स्वयंघोषणापत्र. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये चौकशी, मग फेरफार. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हरकत आली तर तक्रारी नोंदवहीत प्रकरण जातं आणि लांबतं.

हरकत बहुतेक वेळा कोणाची असते? जिचं नाव 'विसरलं' तिची. अर्जात तीन भाऊ लिहून आणतात. मी विचारते, बहिणी किती? मग खाली बघतात. "ती काय मागणार नाही, अक्का." ती मागणार नाही हे तिने सांगायचं, तुम्ही नाही. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलाइतकाच धरला गेला. नाव आधी लावायचं. नंतर तिला खरंच सोडायचं असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र करायचं, तिने वाचून, तिच्या सहीने. राखीच्या दिवशी ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. मी लिहून देत नाही. शेजारचा टेबलवाला देतो, त्याला माझा इलाज नाही.

मी स्वतः माहेरच्या सव्वा एकराला नाव लावून घेतलंय. दोन वर्षं भावाने फोन केला नाही. तिसऱ्या वर्षी त्याला बँकेत सगळ्या खातेदारांच्या सह्या लागल्या, मी गेले, सही केली, वहिनीने शेवभाजी केली. उताऱ्यावर नाव स्वच्छ असलेल्याची सही बँक घेते. दडवलेल्या वारसाची भीती असते तिथे बँक फाईलच बाजूला ठेवते.

नावापुरतं खरेदीखत

इथे जरा थांबा, कारण आमच्या भागातली सर्वात महागडी चूक ही आहे.

हिशोब असा. गरज दोन लाखांची. सावकार शेकडा तीन रुपये महिना लावतो. महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२ हजार. तेच पीककर्ज सात टक्क्यांनी, आणि वेळेत भरलं तर केंद्राची सवलत धरून चार टक्क्यांनी पडतं: वर्षाला आठ हजार. तीन लाखांपर्यंत वेळेत भरणाऱ्याला राज्याची पंजाबराव देशमुख योजना उरलेलं व्याजही उचलते. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने दोन लाखांपर्यंतचं शेतीकर्ज तारणाशिवाय द्यायला सांगितलंय. म्हणजे माती तीच, विहीर तीच, घाम तोच. ६४ हजारांचा फरक फक्त उताऱ्यावर नाव स्वच्छ आहे की नाही, आणि माणूस वेळेत बँकेत गेला की नाही याचा.

तरी माणसं सावकाराकडे जातात, कारण तो संध्याकाळी पैसे देतो. हे मला कळतं. पण तो तारण म्हणून खरेदीखत मागतो. "नावापुरतं आहे, पैसे दिले की परत फिरवून देतो." ऐका. जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ नुसार त्याला सशर्त विक्रीचं गहाण म्हणता येत नाही. वेगळ्या कागदावर लिहिलेली अट, स्टॅम्पवरची चिठ्ठी, देवळातली शपथ यांनी ते गहाण होत नाही. रजिस्टर ऑफिसात साहेब विचारतात, "पैसे मिळाले का, राजीखुशीने विकताय का?" तुम्ही मान हलवता, कॅमेऱ्यात फोटो निघतो. त्या मानेची किंमत पुढची पंधरा वर्षं मोजावी लागते.

आधीच फसला असाल तर एक दार आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४, कलम १८. सावकारीतून गेलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. ते चौकशी करतात, आणि सावकारीच होती असं ठरलं तर जमीन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. पण चौकशीत काहीतरी दाखवावं लागतं: व्याज दिल्याची फोन-पेची नोंद, वहीतली आकडेमोड, खरेदीनंतरही शेत तुम्हीच कसत होता याचे पुरावे, खताची बिलं. म्हणून व्याज हातात रोख देऊ नका. सावकाराला राग येईल. येऊ द्या.

गाडी भरताना

माझ्या लहानपणी बाजार समितीचा धाक होता. आपल्या भागाला हे काही नवीन नव्हतं. १९२७ च्या बॉम्बे कॉटन मार्केट्स अ‍ॅक्टखाली कापसाचे नियमित बाजार सुरू झाले तेव्हा त्यात धुळं होतं. मग १९६३ चा राज्याचा कायदा आला: परवान्याचा व्यापारी, उघड लिलाव, मापारी, चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, त्याच दिवशी. कायदा कधीच पुरता पाळला गेला नाही. पण व्यापाऱ्याचा परवाना समितीच्या हातात असायचा, आणि ती भीती बरंच काम करायची.

जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. बांधावर विका, कोणालाही विका. कल्पना वाईट नव्हती. केळी तशीही बांधावरूनच जात होती. पण आवाराबाहेरच्या व्यापाऱ्याला बांधून ठेवणारी समितीची दोरी गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणी बांधली नाही. आता ती दोरी तुमच्या हातची चिठ्ठी आहे.

तर गाडी भरण्याआधी, मजूर घडाला हात लावण्याआधी, साध्या वहीच्या पानावर लिहा: व्यापाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव, आधार किंवा पॅनचा फोटो. नवती (नव्या लागवडीची केळी) की पिलबाग (जुन्या खुंटाच्या पिलांवरची). भाव, तो कोणत्या दिवसाचा, कोणत्या समितीने काढलेला. दांड्याची, मातीची, फुटक्याची कटती काय धरली. पैसे कोणत्या तारखेला. दोघांच्या सह्या, तारीख, एक साक्षीदार जो तुमचा सालदार नाही. स्टॅम्प लागतोच असं नाही. साध्या कागदावर खरं लिहिलेलं असेल तर ते पाचशेच्या स्टॅम्पवरच्या थापेपेक्षा बरं. शंभराचा स्टॅम्प बंद झाल्यापासून तर लोक स्टॅम्पच्या नावाने कागदच करेनात.

मग भुईकाट्याची चिठ्ठी, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची, दोन्ही. ट्रकचा नंबर. बिल्टीची (ट्रकवाल्याच्या माल-पावतीची) झेरॉक्स, ती देत नसतील तर मोबाईलमध्ये फोटो. माल कुठे, कोणाच्या नावे गेला ते बिल्टीवर असतं, आणि भांडण झालं की व्यापारी पहिलं हेच म्हणतो की माल माझा नव्हताच, मी नुसता मधला माणूस.

माझ्या वडिलांची १९९८ साली एक गाडी गेली. व्यापारी ओळखीचा, लग्नाला येऊन जेवून गेलेला. चिठ्ठी मागायची लाज वाटली. पुढच्या हंगामात तो सुरतेला राहायला गेल्याचं कळलं. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "माणूस वाईट नव्हता." आमच्या केळीवर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनाचा शिक्का बसला तेव्हा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण ते 'जळगाव केळी' या नावाचं संरक्षण आहे, तुमच्या चुकाऱ्याचं नाही.

चेक घेतला तर हे पाठ करा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकायचा. परत आला तर मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, रक्कम आकड्यात आणि अक्षरात. नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'उद्या देतो' ने यातला एक दिवसही वाढत नाही, पण ते मेसेज पुसू नका. देणं मान्य केल्याचा तो पुरावा असतो.

हंगामात दहा-वीस जणांची केळी एकाच काट्यावर येत असेल तर शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार करा. दहा उत्पादक पुरतात, पाच संचालक लागतात, शेअर कितीही असले तरी मत एकच. व्यापारी एकट्याला टाळतो तसं कंपनीला टाळत नाही. फक्त हिशोब ठेवणारा पोरगा पगारी ठेवा. संचालकाच्या भाच्याला फुकट बसवलेल्या कंपन्या दुसऱ्या वर्षी कुलूपबंद होतात.

माल थांबवायचा असेल तर

केळी थांबत नाही. तूर, उडीद, मका थांबतात. भाव पडलेला असताना विकायची घाई असते ती डोक्यावरच्या देण्यांमुळे. त्यासाठी शेतमाल तारण योजना आहे: बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा महिने, सहा टक्के. वखारीची पावती हा कागद म्हणून मला फार आवडतो. २००७ च्या गोदाम कायद्याने तिला हस्तांतरणाची ताकद दिली. पोती जागेवर, पावती बँकेत, पैसे हातात. जाताना एकच काम करा: माल ओला नेऊ नका. ओलाव्यावर परत पाठवला की भाडं दोन्हीकडचं तुमचंच.

ठेव कुठे

सासूबाईंचे ८५ हजार एका पतसंस्थेत होते. व्याज बँकेपेक्षा तीन टक्के जास्त, शाखा घरासमोर, मॅनेजर नात्यातला. एका सोमवारी शटर अर्धं खाली होतं. बाकी सगळं खान्देशाला तोंडपाठ आहे.

तेव्हा कळलं ते सांगते. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीसुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याखाली असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, व्याज धरून, एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर 'सहकारी' शब्द दोन्हीकडे असतो, म्हणून नीट वाचा: 'बँक' लिहिलंय का, रिझर्व्ह बँकेचा परवाना भिंतीवर आहे का.

पतसंस्था वाईटच असतात असं नाही. माझं खातं आजही एकीत आहे. पण मी ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेला जाते, अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे की क ते बघते, आणि थकबाकीच्या यादीत संचालकांची आडनावं शोधते. पहिल्या वर्षी सगळे माझ्याकडे वळून बघत होते. आता खुर्ची ठेवतात.

अमळनेरची ट्रंक

आमच्या गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढून इथे वनस्पती तुपाचा कारखाना टाकला. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी शेअर घेतले, काहींनी ते ट्रंकेत ठेवले आणि विसरले, आणि नातवंडांना ट्रंक उघडल्यावर धान्याच्या पावत्यांखाली घबाड मिळालं. लोक याला नशीब म्हणतात. मला त्यात दुसरंच दिसतं. शेअर घेणाऱ्याची जोखीम शेअरच्या पैशापुरती होती. कारखाना बुडाला असता तरी कोणाच्या शेताचा लिलाव झाला नसता. आणि नाव कंपनीच्या रजिस्टरात होतं, कोणा शेठच्या आठवणीत नव्हतं. म्हणून आजोबांनी ज्याला पैसे दिले तो माणूस गेला तरी नातवाचा हक्क शाबूत राहिला.

तुमच्या घरात असा जुना कागद निघाला तर: फाडू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर कळवा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून नावावर करता येत नाहीत, पण वारसाच्या नावे चढवता येतात. डीमॅट खातं मात्र लागेल. सात वर्षं ओळीने लाभांश कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेलेले असतात. तेही परत मिळतात, 'आयईपीएफ-५' नावाच्या ऑनलाइन अर्जाने. आजोबांचं नाव शेअरवर एक आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं, हा अडथळा हमखास येतो. आमच्याकडे एकाच माणसाला नथ्थू, नथू आणि नथ्थूभाऊ म्हणतात, कंपनीला तिघे वाटतात.

कचेरी हलवायची कशी

चिडून नाही हलत. पोच घेऊन हलते. अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्यावर शिक्का, तारीख, आवक नंबर. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर ठेवून जायचं नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक कार्यालयात सेवेची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लावायला सांगितलंय. मुदत टळली की तीस दिवसांत पहिलं अपील. चूक ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांचा दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम किरकोळ, पण नोंद त्यांना झोंबते. त्याउपर दहा रुपयांच्या तिकिटाचा माहिती अधिकार: "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली?" एवढा एकच प्रश्न. पाच पानांचा निबंध लिहिला की उत्तरही निबंधातच येतं.

बायांनो, तुमच्यासाठी एक. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात खोली असते. दार ढकलावं लागतं, उघडंच असतं.

पुतण्याचं काय झालं विचाराल. चेक ४ मार्चचा, म्हणजे तीन महिने जूनच्या सुरुवातीपर्यंत. पहिल्या मेमोची वेळ गेली होती, चेकची नव्हती. मुदतीत असलेला चेक पुन्हा टाकता येतो, आणि तो पुन्हा परत आला तर त्या नव्या मेमोवर नोटीस देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केलंय. २३ एप्रिलला आम्ही चेक परत टाकला. २५ ला परत आला. २६ ला ओळखीच्या वकिलांकडून नोटीस गेली, २९ ला शेठने सही करून घेतली.

८ मेला शेठ स्वतः आला, एक लाख घेऊन, आणि चेक परत मागू लागला. मी पावती लिहिली: एक लाख पोचले, ६८ हजार बाकी, मूळ चेक शेतकऱ्याकडेच. सही करताना शेठचा हात थोडा थांबला, पण केली. पंधरा दिवस १४ मेला संपले. बाकी अजून आलेली नाही, जूनच्या पहिल्या आठवड्यात तक्रार दाखल करायचं ठरलंय.

परवा पुतण्याने नव्या गाडीच्या सौदाचिठ्ठीचा फोटो पाठवला. नाव, गाव, पॅन, पिलबाग, भाव, कटती, ट्रकचा नंबर, दोन सह्या, साक्षीदार म्हणून शाळेतले मास्तर. अक्षर सुंदर काढलं होतं. तारीख टाकायची राहिली होती. गाडी अजून शेतातच उभी होती, म्हणून मी लगेच फोन केला.